घरच्या जुन्या पाककृती हलक्या करताना: आधी काय, नंतर काय, आणि कशाला हात लावायचा नाही

वजन उतरवायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिल्याच आठवड्यात तीन बदल होतात. साखरेच्या जागी गूळ येतो, साध्या कणकेच्या जागी मल्टिग्रेन पिठाची पिशवी येते आणि सूर्यफुलाच्या तेलाच्या जागी ऑलिव्ह तेलाची बाटली. किराण्याचं बिल वाढतं, काटा मात्र जागचा हलत नाही. हलणार तरी कसा? १०० ग्रॅम साखरेत साधारण ४०० कॅलरी असतात, तेवढ्याच गुळात ३८० च्या आसपास. तेल शेंगदाण्याचं असो, करडईचं असो की इटलीहून आलेलं, एका ग्रॅमला ९ कॅलरी ठरलेल्या. डब्यावरचं नाव बदललं, पळी तेवढीच राहिली.

दुसरी चूक नेमकी याच्या उलट. एका सोमवारपासून सगळ्या भाज्या बिनतेलाच्या, आमटी बिनफोडणीची, खोबरं हद्दपार. आठ-दहा दिवस घरातले मुकाट्याने जेवतात आणि मग एका संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना कोणीतरी चार बटाटेवडे बांधून आणतं. त्यांना दोष देऊ नये. चव काढून घेतली की माणूस ती दुसरीकडे शोधतोच.

काम या दोन टोकांच्या मधे आहे आणि त्याला क्रम आहे. न मोजता कमी करायला गेलात तर भलतंच कमी होतं.

सुरू करण्याआधी: मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर भात, गोड आणि एकूण खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. खाणं कमी आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण किंवा स्तनपान असेल तरीही आधी डॉक्टर, मग हा लेख.

## टप्पा १: आठवडाभर फक्त मोजा, काहीही कमी करू नका

लागणारं सामान थोडं आहे: ग्रॅममध्ये मोजणारा छोटा वजनकाटा, मापाचे दोन चमचे (५ आणि १५ मिलिलिटरचे), एक वही, आणि तेलाच्या बाटलीवर खूण करायला चिकटपट्टी. मापाचे चमचे हवेतच. मिसळणाच्या डब्यातला चमचा, पोहे खायचा चमचा आणि वाढायचा डाव या तिघांनाही आपण 'चमचा'च म्हणतो, आणि त्यांच्यात दुपटी-तिपटीचा फरक असतो. पाककृतीतल्या 'दोन चमचे तेल' या शब्दांना त्यामुळे काहीही अर्थ उरत नाही. छोटा मापाचा चमचा तेल म्हणजे सुमारे ४० कॅलरी, मोठा म्हणजे सुमारे १२०.

वाटीचंही तेच. रोजची वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि वाटी पाण्याने काठोकाठ भरा. जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलिटर तिचं माप. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे सगळं त्याच वाटीने.

आता तेल. आई किंवा सासूबाई स्वयंपाक करत असतील तर त्यांच्यापुढे मापाचा चमचा धरू नका. चाळीस वर्षं अंदाजाने स्वयंपाक केलेल्या बाईला ते अपमानासारखं वाटतं, आणि शिवाय त्या दिवशी त्या मुद्दाम कमी तेल घालतील. सोपा उपाय असा: तेलाचं भांडं स्वयंपाकाआधी काट्यावर ठेवून वजन लिहा, त्यांना हवं तसं ओतू द्या, ओटा आवरल्यावर पुन्हा वजन करा. दोन्ही आकड्यांची वजाबाकी म्हणजे त्या दिवसाचं तेल. तुपाच्या बरणीचं आणि लोण्याच्या डब्याचंही असंच.

स्वयंपाकाला मावशी येत असतील तर सूचना देण्यात वेळ घालवू नका. घाईत चार घरं करणारा हात सवयीनेच चालतो. पुढच्या टप्प्यांत त्यांच्या हातात मोठा कॅन न देता दोन दिवसांपुरती छोटी बाटली भरून ठेवा. मापाचं काम बाटली करते.

तपासणी: हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली ज्या सुधारित आहारसूचना दिल्या, त्यातल्या २००० कॅलरींच्या नमुना आहारात एका माणसाला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चार माणसांचं महिन्याचं गणित सव्वातीन किलोच्या जवळ जातं, म्हणजे साधारण साडेतीन लिटर, आणि यात तूप-लोणीही आलं. तुमच्याकडे पाच लिटरचा कॅन महिनाभरात संपत असेल आणि वर तूप वेगळं असेल, तर नवीन पीठ आणण्याआधी कुठे बघायचं ते कळलं.

## टप्पा २: पदार्थात जड काय आहे ते शोधा

घरात वारंवार होणारे सात-आठ पदार्थ निवडा आणि प्रत्येकाचं सामान कच्चं असताना वजन करून लिहा. वहीत चार आकडे पाठ असल्यासारखे ठेवा, कारण मराठी स्वयंपाकातला बहुतेक भार यांच्यातच असतो: १०० ग्रॅम तेलाला ९००, सुक्या खोबऱ्याला सुमारे ६६०, शेंगदाण्याला सुमारे ५६५ आणि ओल्या नारळाला सुमारे ३५० कॅलरी. वांगं, दुधी, घोसाळं, कोबी यांच्याकडे लक्ष द्यायची गरज नाही. १०० ग्रॅमला १५ ते २५ कॅलरी, तेवढंच.

चार जणांची भरली वांगी घ्या. अर्धा किलो वांगी, ७५ मिलिलिटर तेल, १०० ग्रॅम दाण्याचं कूट, ४० ग्रॅम सुकं खोबरं, २० ग्रॅम गूळ. तेलाचे सुमारे ६१०, कुटाचे ५६५, खोबऱ्याचे २६५, गुळाचे ७५, वांग्यांचे १२५. एकूण १६४० च्या घरात, माणशी ४१०. आणि ही फक्त भाजी, भाकरी वेगळी.

आता लोक काय करतात? गूळ काढून टाकतात. गुळाचे ७५ वाचतात आणि भाजीचा तोल जातो, कारण चिंच आणि गोडा मसाला यांना तो गूळच सांभाळत असतो. त्याऐवजी वांगी पाऊण किलो करा, तेल २५ मिलिलिटर, कूट ५० ग्रॅम, खोबरं २० ग्रॅम, गूळ १५ ग्रॅम, आणि मसाल्याला अंग यावं म्हणून एक मोठा कांदा गॅसवर भाजून वाटून घाला. एकूण ९०० च्या आसपास, माणशी सव्वादोनशे. भाजी पूर्वीपेक्षा जास्त, गूळ जवळपास जागेवर, कॅलरी निम्म्याच्या जरा वर.

वांगं स्पंजासारखं असतं, मिळेल तेवढं तेल पितं. म्हणून मसाला भरण्याआधी चिरलेली वांगी पाच मिनिटं चाळणीवर वाफवून घ्या. आतली पोकळी बसली की ते तेल मागत नाही.

चूक: सगळं एकाच वेळी बदलणं. पदार्थ बिघडला तर कशामुळे ते कळत नाही, आणि घरात 'हे डाएटचं आहे' असा शिक्का बसतो. तो एकदा बसला की पुढचा चांगला पदार्थही त्याच नजरेने खाल्ला जातो. एका खेपेला सर्वांत जड दोनच गोष्टींना हात लावा.

## टप्पा ३: कशाला हात लावायचा नाही ते ठरवा

वहीतल्या पदार्थांचे तीन ढीग करा: रोजचे, महिन्या-दोन महिन्यांतले आणि सणाचे. काम रोजच्या ढिगात आहे. आमटी, उसळ, फळभाजी, पोळी, पोहे, उपमा. वर्षातून एकदा होणाऱ्या निनाव या गोड पदार्थाची कृती बदलून वजनात काही फरक पडत नाही, फक्त आत्या नाराज होते.

उकडीचे मोदक मुळात वाफवलेले असतात. तिथे कृती बिघडवू नका, किती खायचे आणि वर तूप किती ओतायचं ते ठरवा. कानवले, अनरसे, करंज्या हे तळलेलेच बरे लागतात. ओव्हनमधली करंजी खाणाऱ्याला दोन कमी पडतात म्हणून तो चार खातो. माझं मत असं की सणाचा पदार्थ मूळ कृतीने, कमी संख्येने करावा आणि उरेल इतका करूच नये. दिवाळीनंतर तीन आठवडे ओट्यावर उभा असलेला चकलीचा डबा प्रत्यक्ष दिवाळीपेक्षा जास्त नडतो.

## टप्पा ४: फोडणी आणि परतणं

इथे सर्वांत जास्त तेल वाचतं आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा सावकाश.

फोडणी पाण्यात होत नाही. हिंग, मोहरी, हळद, कढीपत्ता यांचा वास देणारे घटक तेलात उतरतात, आणि मोहरी तडतडायला लागणारी उष्णता पाण्याला गाठताच येत नाही. तेव्हा फोडणी ठेवायची, फक्त तिचं भांडं बदलायचं. मोठ्या कढईत दोन छोटे चमचे तेल घातलं तर ते तळभर पसरतं, मोहरी कोरडी राहून जळते, आणि मग आपण 'कमी पडलं' म्हणून आणखी ओततो. तेवढंच तेल फोडणीच्या कढल्यात घातलं तर मोहरी बुडते.

क्रम असा:

१. वरण किंवा आमटी पूर्ण शिजवून, मीठ-गूळ-आमसूल घालून तयार ठेवा.
२. कढल्यात चार जणांना मोजून दोन छोटे चमचे तेल घ्या, तापू द्या, मोहरी टाका.
३. मोहरी फुटायची थांबली की जिरं, हिंग, कढीपत्ता, मिरची, शेवटी हळद. हळदीनंतर पाच सेकंदांत गॅस बंद.
४. फोडणी आमटीवर ओता, लगेच झाकण ठेवा आणि पाच मिनिटं उघडू नका. वास आतच कोंडतो.

वरून दिलेल्या फोडणीचा वास जेवणाऱ्याच्या नाकापर्यंत पोहोचतो. आधी घालून अर्धा तास उकळलेल्या फोडणीचा निम्मा वास स्वयंपाकघरातच संपतो, म्हणून तिला तेल जास्त लागतं.

कांदा परतायचा असेल तर चिमूटभर मीठ घालून झाकण ठेवा. मीठाने कांद्याला पाणी सुटतं, त्या पाण्यातच तो मऊ होतो. मग झाकण काढून मध्यम आचेवर रंग येऊ द्या. तळाला लागायला लागला की तेल नको, एक मोठा चमचा पाणी शिंपडा आणि उलथन्याने खरवडून घ्या. तो तपकिरी थर म्हणजे चवच आहे. असं तीन-चारदा केलं की छोट्या तीन चमचे तेलात पाव किलो कांदा बदामी होतो. वेळ दहा मिनिटं जास्त लागतो, हे आधीच सांगून ठेवते.

सुक्या भाज्यांना आपल्याकडची जुनी रीत पुरेशी आहे: कढईवर खोलगट झाकण आणि झाकणात पाणी. भाजी मंद आचेवर स्वतःच्या वाफेत शिजते, खाली लागत नाही. भाजी कोरडी वाटली तर झाकणातलं गरम पाणी दोन चमचे आत सोडा. भेंडीला मात्र हे चालत नाही. ती धुऊन फडक्याने पूर्ण कोरडी करा, मोठे तुकडे चिरा, झाकण न ठेवता परता, मध्येच दोन आमसुलं टाका, मीठ शेवटी. ओली भेंडी, बारीक चिरणं आणि आधी मीठ, या तिन्हींनी तार सुटते आणि ती तार घालवायला तेल ओतावं लागतं.

चूक: 'तेल सुटेपर्यंत परता' ही खूण धरून बसणं. तेल मुळातच कमी आहे, ते सुटणार कुठून? वाट बघत मसाला जळतो. कमी तेलाची खूण वेगळी: कांदा-लसणाचा कच्चा वास गेला, मसाला कढईच्या कडेपासून गोळा होऊन सुटू लागला, रंग एक छटा गडद झाला. तिथे थांबायचं.

दुसरी चूक: तेल कमी झालं म्हणून मीठ वाढवणं, किंवा ताटात पापड-लोणचं वाढवणं. दिवसाला माणशी ५ ग्रॅम मीठ ही मर्यादा त्यात केव्हाच ओलांडली जाते. चव पडल्यासारखी वाटली तर आंबट वाढवा: आमसूल, चिंच, लिंबू, ताक. आणि कोथिंबीर वर भुरभुरण्याऐवजी मूठभर घाला.

## टप्पा ५: वाटण आणि कूट

सुकं खोबरं तेलात परतायची गरज कधीच नव्हती. त्यातच साठ टक्क्यांहून जास्त तेल असतं. किसून कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजा, ते स्वतःचं तेल सोडून खमंग होतं. कांदा तेलात तळण्याऐवजी सालासकट थेट जाळावर भाजा, काळी साल काढा, वाटा. आगरी-कोळी घरांत कालवणाच्या वाटपासाठी असा कांदा भाजतातच, आणि त्याचा धुराचा वास वाटणात निम्मं खोबरं कमी असल्याचं झाकून टाकतो.

खोबरं निम्मं केलं की रस्सा पातळ होतो. त्यासाठी चौघांच्या रश्श्याला दोन छोटे चमचे डाळवं वाटणात घाला, किंवा उसळीतलेच मूठभर शिजलेले वाल, मटकी, वाटाणे वाटून परत सोडा. वालाच्या बिरड्याला हा दुसरा उपाय फार चांगला लागू पडतो, चव वालाचीच राहते. बेसन लावू नका, त्याचा वास वेगळा ओळखू येतो.

नारळाच्या दुधाचे पदार्थ असतील तर पहिलं घट्ट दूध पाव वाटी बाजूला ठेवून बाकी सगळं दुसऱ्या-तिसऱ्या दुधात शिजवा आणि ते पाव वाटी गॅस बंद करताना घाला. जिभेला शेवटी घातलेलंच आधी लागतं.

साबुदाण्याच्या खिचडीत कूट एका मर्यादेखाली नेता येत नाही. भिजवलेल्या दाण्यांना सुटं ठेवायचं काम तेच करतं. दोन वाट्या भिजलेल्या साबुदाण्याला पाव वाटीच्या खाली गेलात तर गोळा होतो. कूट तेवढं ठेवा, बटाटा काढून काकडीची दह्यातली कोशिंबीर बाजूला घ्या, आणि खिचडी एक वाटी मोजून वाढा. संकष्टीला पोटभर काहीतरी हवंच असेल तर वरीचे तांदूळ आणि ताकाची कढी जास्त परवडते.

## टप्पा ६: तळण

तळणीचा पदार्थ महिन्यात किती वेळा करायचा ते आधी ठरवा. मग तळाल तेव्हा नीट तळा. अर्धवट तापलेल्या तेलात कमी तेल लागतं ही समजूत उलटी आहे. तेल १७० ते १८० अंशांवर हवं. घरची परीक्षा: पिठाचा थेंब सोडला की तळाला जाऊन लगेच वर यावा. तळाशीच बसून राहिला तर तेल थंड आहे, पदार्थ ते पीत राहील. धूर दिसला तर जास्त तापलं.

दुसरी गोष्ट फारसं कोणी पाळत नाही. तळताना पदार्थातली वाफ बाहेर येत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला वाव कमी असतो. पदार्थ बाहेर काढल्यावर आतली वाफ निवते आणि अंगावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणजे पहिलं अर्धं मिनिट महत्त्वाचं. झारा कढईवरच धरून हलकेच झटका, मग पदार्थ जाळीवर उभे ठेवा. ताटात कागद घालून त्यावर ढीग केला की खालचे पदार्थ वाफेने मऊ पडतात आणि तेलातच बसतात.

कढई लहान घ्या, तेल कमी ओता, दोन-चार घाणे जास्त काढा. तळून उरलेलं तेल आपण फेकत नाही. ते 'संपवायचं' म्हणून दुसऱ्या दिवशीच्या उसळीत सढळ हाताने पडतं, आणि हिशेबात कुठेच दिसत नाही. उरलेलं तेल गाळून, मोजून, एक-दोन दिवसांत फोडणीला वापरा. पुन्हा तळणीला नको.

जे पदार्थ न तळता खरोखर जमतात ते एवढेच:

* कोथिंबीर वडी, अळूवडी: १५-२० मिनिटं उकडा, पूर्ण गार करा, मग कापा. तव्यावर दोन छोट्या चमचे तेलात दहा-बारा वड्या दोन्ही बाजूंनी खरपूस होतात. गरम असताना कापल्या तर तुटतात आणि तुटलेली कड तेल पिते.
* साबुदाणा वडे, बटाटेवड्याचं सारण: आप्पेपात्रात, खळग्याला चार-पाच थेंब तेल, झाकण ठेवून. हा बटाटेवडा नव्हे, पण चटणीबरोबर वाईटही नाही.
* थालीपीठ: भाजणीत किसलेली काकडी किंवा दुधी पिळून घाला, पाच भोकं पाडा, एक छोटा चमचा तेल भोकांत आणि कडेने, वर झाकण. लोणी द्यायचं तर ५ ग्रॅम, मोजून.
* मासे: ओले बोंबील पाण्याने भरलेले असतात. मीठ-हळद लावून दोन ताटल्यांमध्ये वर वरवंटा ठेवून अर्धा तास दाबा. पाणी निघालं की तांदळाच्या पिठाचा पातळ हात लावून तापलेल्या तव्यावर. जाड रव्याचा थर लावला की तेल रवा पितो, बोंबील नाही.

एअर फ्रायरबद्दल विचारणा फार होते. आधी उकडलेल्या वड्या, कटलेट, मॅरिनेट केलेले मासे यांना तो चांगला. ओल्या पिठातली कांदाभजी त्यात होत नाही, पीठ गळून जाळीत बसतं. पावसात ठाण्याजवळच्या येऊरच्या बाजूने फिरून आल्यावर भजीच हवी असतील तर भजीच तळा, माणशी पाच.

## टप्पा ७: गोड

गोडात प्रमाण पायरीपायरीने उतरवा. पहिल्या वेळी पाव भाग कमी, जीभ रुळली की आणखी थोडं. एका वेळी निम्मं केलं तर सगळ्यांना कळतं.

पुरणात वाटीभर चण्याच्या डाळीला वाटीभर गूळ असेल तर पाऊण वाटीपर्यंत या. त्याखाली पुरण कोरडं पडतं, पोळी लाटताना फुटते. जायफळ ताजं किसून आणि चिमूटभर मीठ घातलं की कमी गूळ जाणवत नाही. पोळ्या लहान लाटा आणि तूप ताटात एक छोटा चमचा मोजून वाढा. पोळीवर तुपाची धार धरणाऱ्या आजी शेजारी असतील तर हे जमवणं तुमच्यावर आहे.

श्रीखंडाला चक्क्याइतकीच साखर घालायची जुनी रीत आहे, निम्म्या साखरेतही ते श्रीखंडच राहतं. दही कोणत्या दुधाचं ते बघा. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोण्डमध्ये ३, डबल टोण्डमध्ये दीड. टोण्ड दुधाचा चक्का चांगला बसतो. डबल टोण्डचा आंबट आणि खरखरीत होतो, मग तो झाकायला साखर वाढते. तिथे वाचवण्यात अर्थ नाही.

## टप्पा ८: ताट

पदार्थ हलके झाले की पुढची चूक ठरलेली: 'आता हलकंच आहे' म्हणून दोनदा वाढून घेणं. सव्वादोनशे कॅलरींची भरली वांगी दोनदा घेतली की आपण पुन्हा साडेचारशेवर.

पातेली टेबलावर आणू नका, ओट्याजवळच वाढा. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग आमटी किंवा उसळ, शेवटी पोळी-भात. भात टप्पा १ मध्ये मोजलेल्या वाटीने. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या त्याच नमुना आहारात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि कच्च्या वजनाने ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत. आपल्या बहुतेक ताटांत याच दोन गोष्टी कमी असतात आणि पोळी-भाताने ती जागा भरलेली असते. पातळ वरणाऐवजी घट्ट आमटी केली तरी फरक पडतो. रविवारी ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून किंवा वाशीच्या बाजारातून भाज्या आणल्या की त्याच दिवशी निवडून, कोरड्या करून ठेवा. बुधवारी रात्री साडेनऊला कोणी गवार मोडत बसत नाही, तेव्हा बटाटाच होतो.

## टप्पा ९: संध्याकाळची भूक

एकला डबा खाल्ला, सहाची लोकल पकडली, साडेसातला ठाण्याला उतरलात, जेवण नऊनंतर. मधल्या आठ तासांचं उत्तर स्टेशनबाहेरच्या कढईत असतं. हा प्रश्न निर्धाराने सुटत नाही, पिशवीतल्या डबीने सुटतो. ऑफिसमधून निघताना मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे आणि एक फळ खा. नेरुळ-बेलापूरकडे राहणाऱ्यांचा प्रवास वाशी खाडी ओलांडून आणखी लांबतो, त्यांनी हे चुकवूच नये.

वडापाव खायचा तर ठरवून खा, उभं राहून, एकच. मग रात्री पोळी-भात सोडून भाजी आणि आमटी. मिसळीला गेलात तर कट वेगळा मागा, वरचा तवंग चमच्याने बाजूला करा आणि पाव एकच घ्या. तिखटाची लाज राखायला दुसरा पाव मागवतात तिथेच हिशेब चुकतो.

## टप्पा १०: काटा कधी बघायचा

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. लग्नाचं जेवण, पापड-लोणची, चायनीज यांच्या दुसऱ्या दिवशी वजन किलोभर जास्त दिसू शकतं. ते मिठाने अडवलेलं पाणी असतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. त्या दिवशी उपास करू नका. महिन्यातून एकदा कंबरही मोजा. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरतात, आणि उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक (बीएमआय) २३ पासूनच जास्त मानतात.

आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरत असेल तर काहीही बदलू नका. चार आठवडे काटा हललाच नाही, तर पुढच्या क्रमाने शोधा आणि एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त करून दोन आठवडे थांबा:

१. तेलाची बाटली पुन्हा तीन दिवस मोजा. माप हळूहळू पूर्वपदावर येतं.
२. कूट आणि खोबऱ्याच्या बरण्या महिन्यात किती वेळा भरल्या ते बघा.
३. भाताची वाटी तीच आहे ना, की मधेच मोठी आली?
४. चहा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे जवळपास ४० ग्रॅम आणि १६० कॅलरी. कपात अर्धा चमचा कमी करून पंधरा दिवस थांबा, मग आणखी अर्धा. बिस्किटांचा डबा त्याच फडताळात असेल तर तो वरच्या फळीवर हलवा.